बॅटरीची गाडी आणि राजूरच्या वाटेवरचा ओढा

जालन्याहून निघालो तेव्हा भाऊजींच्या नव्या गाडीचा आवाजच आला नाही. बॅटरीवर चालणारी, कपाटाएवढी गाडी. पुढे भाऊजी आणि माझी ताई, मागे घडी घालून ठेवल्यासारखी मी. भाऊजी बियाण्यांचे व्यापारी, उगवणीची हमी द्यायची जिभेला सवय. गाडीचीही हमी ते वाटभर देत होते.

राजूरला गणपतीचं दर्शन झालं, गरम भजी झाली. परतताना धो धो पाऊस लागला आणि वाटेतल्या फरशीवरून (ठेंगण्या पुलावरून) गढूळ पाणी वाहू लागलं. अलीकडेच एसटी थांबली होती. प्रवासी खाली उतरून पाणी ओसरायची वाट बघत होते.

"थांबा, शेठ," ड्रायव्हर म्हणाला. "बस थांबून राह्यली, तुमी कुठं निघाले?"

"तुमच्या इंजिनात पाणी जातं. हिला इंजिनच न्हाई!" भाऊजी म्हणाले.

तर्क बिनतोड होता. ओढ्याला तेवढा पटला नाही. मध्यावर गाडी बंद पडली नाही, ती तरंगली. हलकीच की! वाहत जाऊन कडेच्या दगडाला अडकली. पलीकडे खोल ओढा. माझ्या मांडीपर्यंत पाणी आलं.

लोक दोर घेऊन धावले आणि फरशीच्या तोंडाशीच थबकले.

"हात लावू नका! करंट हाय तिच्यात!"

"बिलकुल न्हाई! सगळं सीलबंद हाय!" भाऊजी ओरडले. पाय मात्र त्यांनी सीटवर घेतले होते.

"अहो, मंग उतरा की!"

"कंपनीला विचारावं लागंल."

ताईने काच खाली घेतली आणि हात घालून किल्ली बंद केली.

"इतकी वर्षं यांच्यासंग संसार केला," ती काठावरच्यांना म्हणाली, "याच्याहून मोठा शॉक कोणता लागणार? दोर टाका जल्दी!"

दोर कमरेला बांधून ती खिडकीतून पाण्यात उतरली. काही झालं नाही, हे बघितल्यावर सगळ्यांना एकदम शौर्य आलं. मला काढलं, भाऊजींना काढलं, गाडी दगडालाच बांधून ठेवली.

पाणी ओसरल्यावर आम्ही एसटीनेच जालन्याला परतलो. पुढच्या बाकावर भाऊजी प्रवाशांना सांगत होते, "बंद पडली का? न्हाई ना?" मागे ताईने माझा हात धरला आणि ती थरथर कापू लागली. प्रवासात माणसाचा धीर कळतो म्हणतात. मला एवढंच कळलं, की धीर सुटायलाही आधी कोरडी जागा मिळावी लागते.