टॅपेटची टकटक

मुलीचं बाळंतपण पुण्यात झालं आणि आमची ही सव्वा महिन्याचं सांगून तिकडं गेली. आता नातू रांगायला लागलाय, मुलगी परत नोकरीवर जाऊ लागलीय आणि रहिमतपुरात मी एकटा. कधी येणार, हे मी विचारत नाही. पोराला कोण बघणार, असं ती म्हणेल आणि ते खरंच आहे. इकडं मला घर खायला उठतं, ते कुणाला सांगू?

एका रविवारी सकाळी मोटरसायकल दारात काढली. गाडी मुलीच्या जन्माआधीची. तिच्या इंजिनातलं टॅपेट कायम टकटक वाजायचं. गल्लीत लाज वाटते, एवढं तरी नीट करा, म्हणून हिनं भुणभुण लावलेली. फौजेत ट्रकची इंजिनं खोललेला माणूस मी, पण घरचं काम म्हटलं की अंगावर काटा. चालतीय नव्हं गाडी, म्हणून सोडून द्यायचो. आता म्हटलं, करूनच टाकू. आवाज गेला हे कळलं तर तिला यावंसं वाटेल, अशी खुळी आशा होती.

काम तसं सोपं. वॉल्व्ह आणि त्याला दाबणारा स्क्रू यांच्यात बारीक फट ठेवायची. फट कमी पडली तर वॉल्व्ह जळतो, जास्त झाली तर नुसतं वाजतं. इंजिन गार असतानाच मापायची. एका हातानं स्क्रू धरायचा, दुसऱ्यानं नट आवळायचा. उजेडाची बॅटरी धरायला तिसरा हात लागतो. आजवर गाडीचं काहीही काढलं की बॅटरी ती धरायची, उजेड भलतीकडंच पाडायची आणि मी खेकसायचो. त्या दिवशी बॅटरी दातांत धरली. लाळ गळून शर्ट भिजला. खेकसायचं तरी कुणावर?

किक मारली. टकटक पार गेली होती, इंजिन नुसतं घुमत होतं. लय आनंद झाला, पण सांगायला घरात कुणी नव्हतं. तिला फोन लावला आणि इंजिनाजवळ धरला. मग कानाला लावला.

"आवं, ही आपली गाडी न्हाई वाटत."

टॅपेट केलं, तूच मागं लागली होतीस, असं मी म्हणालो.

"त्या टकटकीवर तर मी तवा ठेवायची. तुमी कोपऱ्यावर वळलासा की ऐकू यायची. आता मला कळायचं कसं?"

कितीही उशिरा आलो तरी ताटात भाकरी गरम असायची. इतक्या वर्षांत ती गरम कशी, हा विचार माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता. आणि आज ती विचारत होती, मला कळायचं कसं. म्हणजे ती येणार होती. मग राहवलं नाही.

"येणार हाईस नव्हं?"

"यायचं तर हायच की. पर कवा, ते इचारू नगासा."

नातू रडायला लागला म्हणून तिनं फोन ठेवला.

पाने आवरायला घेतले होते, ते तसेच ठेवले. इंजिन तापलेलं होतं. गार होईस्तोवर पायरीवर बसून राहिलो. रस्त्यानं जाणाऱ्या एकानं काय बिघडलं म्हणून विचारलं, काही नाही म्हणालो. मग झाकणं उघडली, दोन्ही वॉल्व्हचे स्क्रू थोडे सैल केले, झाकणं परत लावली आणि किक मारली. टॅपेट वाजायला लागलं.