पुरातून आलेली प्रश्नपत्रिकांची पेटी

नामाकाऊ बाई आम्हाला वीजजोडणी शिकवायच्या. आमचं तंत्रनिकेतन झांबेझी नदीच्या पश्चिम काठावर आणि परीक्षेच्या पेट्या ठेवायचं पोलीस ठाणं पूर्वेला. त्या पेट्या आणायचं काम अकरा वर्षं बाईंकडेच होतं. नियम कडक. पेटी शेवटपर्यंत पोलिसाच्या नजरेसमोर हवी आणि पेपर देशभर एकाच वेळी, सकाळी नऊला सुरू व्हायला हवा.

आमच्या शेवटच्या वर्षी मार्चमध्ये नदी मैलोन् मैल पसरली होती. पेपरच्या सकाळी बाई आणि पोलीस शिपाई चान्दा पेटी घेऊन मोटरबोटीनं निघाले. चान्दा तांब्याच्या खाणींकडचा, त्याला पोहता येत नव्हतं. अर्ध्या वाटेत पंख्यात पाणवेली अडकल्या, मोटर बंद पडली आणि बोट वाहत जाऊन लव्हाळ्यात रुतली. पावणेआठ वाजले होते.

बाईंच्या हाका ऐकून सिताली नावाचा कोळी आपली लाकडी डोंगी घेऊन आला. पेटी बघून म्हणाला, “पेटी आणि एकच माणूस. दुसरा बसला तर तिघंही तळाला.”

“साहेब, तुम्ही जा,” बाई चान्दाला म्हणाल्या. “नियम तसाच आहे.”

चान्दानं डोंगीत एक पाय टाकला. ती कलंडली, तसा तो झटकन मागे सरला. “बाई, मला गोळी घाला, पण ह्यात बसवू नका!”

“तिकडं एकसष्ट पोरं वाट बघतायत. त्यांचं वर्ष जाईल.”

“आणि माझी नोकरी?”

“माझीही जाईल. तुमची नोंदवही काढा.”

पेटीच्या सीलचा क्रमांक आणि वेळ लिहून दोघांनी सह्या केल्या. चान्दा वही घेऊन बोटीतच थांबला आणि बाई पेटी मांडीवर घेऊन डोंगीत बसल्या.

“हलू नका हं,” सिताली म्हणाला. “खोकलासुद्धा गिळा.”

आम्ही काठावर उभे होतो. प्राचार्य मुबिता दर मिनिटाला घड्याळ बघत होते. आठ त्रेपन्नला डोंगी लागली. बाई कमरेपर्यंत भिजलेल्या, पेटी कोरडी. “हात लावू नका कुणी!” त्या ओरडल्या. प्राचार्यांनी सगळ्यांदेखत सीलचा क्रमांक मोठ्यानं वाचला. नऊच्या ठोक्याला पेपर सुरू झाला.

पण कुणीतरी तक्रार केली. तासभर पेटी पोलिसाविना होती, म्हणजे पेपर फुटला असणार! निकाल अडकले. तीन महिने आम्ही ना पास, ना नापास. काही पोरं तर बाईंनाच दोष द्यायला लागली. बाई खालच्या वर्गांवर यायच्या, शिकवायच्या, निघून जायच्या.

शेवटी राजधानी लुसाकाहून परीक्षा मंडळाचे तिघं चौकशीला आले. त्यांनी चान्दाला विचारलं, “बाई तुम्हाला टाकून गेल्या?” हो म्हटलं असतं तर तो सुटला असता. बाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

चान्दानं खिशातून वही काढली. मग म्हणाला, “नाही. त्या मलाच पाठवत होत्या. मी घाबरलो.” आणि त्यानं वहीचं पान पुढं केलं.

पानावरचा क्रमांक पेटीच्या सीलशी जुळला. ऑगस्टमध्ये आमचे निकाल लागले. चान्दाची बदली झाली आणि पेट्यांचं काम बाईंकडून काढून घेतलं.

पुढं मी तिथंच शिकवायला लागलो. परीक्षेच्या सकाळी बाई अजून काठावर जाऊन उभ्या राहायच्या. बोट दिसेपर्यंत कुणाशी एक शब्द बोलायच्या नाहीत.