काकूंचा क्लच

काकूंना हळू चालणाऱ्या कुठल्याच गोष्टीचं कौतुक नव्हतं. गणपतीची आरतीसुद्धा त्या अशा लयीत घेत की घंटा वाजवणाऱ्याच्या मनगटाला रग लागे. मिनेसोटाच्या उत्तर टोकाला, जिथे हिवाळ्यात गोठलेल्या तळ्याचाच रस्ता होतो, तिथे अमरावतीची ही बाई टर्बो बसवलेली स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावरची मोटारसायकल, पळवायची. अंगात जाड निळा सूट, डोक्यावर हेल्मेट आणि आत कपाळावर टिकली. हेल्मेटमध्ये टिकली कुणाला दिसते, असं मी एकदा विचारलं. "तुले दाखवाले लावते काय?" एवढंच उत्तर मिळालं.

मी तेव्हा तिथल्या कागदाच्या गिरणीत नवखा इंजिनियर होतो. ऐंशीच्या दशकाची सुरुवात, त्या गावात मराठी घर एकच, त्यामुळे माझा शनिवार-रविवारचा मुक्काम काकूंच्या वरणभाताशी. काका हृदयाचे डॉक्टर. त्यांनी बर्फात मासे धरायला म्हणून ही गाडी घेतली, एकदा पडशानं आडवे झाले आणि तिचं नाव टाकलं. काकू अमरावतीला कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या. इथे त्यांची डिग्री कुणी विचारात घेईना. "माणसं सर्टिफिकेट मागतात," त्या म्हणायच्या, "इंजिनानं अजून मागितलं नाही." मग त्यांनी गराजमध्ये ठाण मांडलं, पुस्तकं आणली आणि त्या गाडीला इंजिनात जादा हवा फुंकणारा टर्बो चढवला.

दर फेब्रुवारीत तळ्यावर शर्यत व्हायची. बायकांसाठी वेगळी, साध्या गाड्यांची, आणि ती संपली की बायकांनी चिली, म्हणजे तिकडची खिमा-राजम्याची तिखट उसळ, वाढायची असा रिवाज. काकूंनी नाव दिलं ते मोठ्या शर्यतीत. क्लबच्या सेक्रेटरीनं हसत हसत त्यांना चिलीच्या टेबलाकडे वळवायचा प्रयत्न केला. काकूंनी त्याला तितकंच हसून सांगितलं, की तिखट तुम्हाला सोसणार नाही.

खरी अडचण घरात होती. काकांनी आयुष्यभर इतरांची हृदयं सांभाळली, पण या गाडीच्या आवाजानं त्यांचं स्वतःचं धडधडायचं. शेवटी त्यांनी अट घातली: शर्यत पुरी केलीस तर मी पुन्हा चकार शब्द काढणार नाही, गाडी मध्येच बसली तर वसंतात ती विकायची. काकूंनी त्यांच्या हातावर टाळी दिली आणि त्याच आठवड्यात गाडीचा पट्टा जळाला. दुसरा घातला, तोही जळाला. टर्बोची ताकद जुन्या क्लचला पेलत नव्हती. नवा क्लच निवडणं भाग होतं.

हा क्लच म्हणजे आपल्या स्कूटरसारखा मुठीत दाबायचा नव्हे. दोन थाळ्या आणि मधे रबरी पट्टा. इंजिन फिरलं की आतली वजनं बाहेर फेकली जातात, थाळ्या जवळ येतात, पट्ट्याला चिमटा बसतो आणि गाडी निघते. एक स्प्रिंग त्या थाळ्यांना तोवर दूर धरून ठेवते. वजनं किती आणि स्प्रिंग केवढी, सगळी मेख तिथे.

दुकानदाराचा सल्ला होता की मऊ स्प्रिंगचा घ्या, गाडी अलगद सुटेल, बाईमाणसाला बरं. काकूंनी त्याला विचारलं, की मागच्या वर्षी तू स्वतः कुठला लावलास? तो खोकला.

मग माझी पाळी. मी गिरणीतल्या कॅल्क्युलेटरवर संध्याकाळ घालवून जाहीर केलं: ताकद जास्त, तर वजनं भारी, आणि जितकी भारी तितकं बरं. काकूंनी माझं ऐकून एक सेट आणला. गाडी सुरुवातीलाच इतक्या ओझ्याखाली दबली की टर्बोला जाग यायलाच तयार नाही. तळ्यावरून ती गाभण म्हैस चालावी तशी निघाली, आणि मासे धरायला बादली घेऊन निघालेली एक आजी आमच्या पुढून निघून गेली. काकू उतरल्या. "इंजिनियर, तू हिला उठायच्या आधीच कामाला लावलंस," त्या म्हणाल्या. "सासुरवास झाला हा."

त्यांनी स्वतः निवडला तो असा: दणकट थाळ्या, मध्यम वजनं आणि ताठ स्प्रिंग. इंजिन नीट पेटून टर्बो फुंकायला लागेपर्यंत थाळ्या हलणार नाहीत. पण एकदा पट्टा धरला की सोडायचा नाही. दुकानदार म्हणाला, तुम्ही फेकल्या जाल. काकू म्हणाल्या, धरून बसायची मला सवय आहे.

शर्यतीच्या सकाळी काकू नाव नोंदवायला गेल्या आणि सुरुवातीच्या रेषेवर लावलेली गाडी माझ्या भरवशावर ठेवली. नवं यंत्र, त्याची पूजा नको? मी कुंकू आणलं होतं. थंडीत ते चिकटेना म्हणून गोडेतेलात कालवलं आणि झाकण उघडून दोन्ही थाळ्यांच्या आतल्या बाजूला, बरोबर पट्टा बसतो तिथे, भक्तिभावानं बोटं ओढली. वर पट्ट्यालाही एक टिळा.

झेंडा पडला. सगळे सुटले. काकूंचं इंजिन किंचाळलं, पट्टा तेलावर घसरला, धूर झाला आणि गाडी जागच्या जागी उभी. काकांनी डोळे मिटले. काकूंनी झाकण उघडलं, लाल बोटं पाहिली, मग माझी बोटं पाहिली. मला वाटलं, आता इंग्रजी, मराठी आणि वऱ्हाडी तिन्हींत ऐकावं लागणार. त्यांनी फक्त हात पुढे केला.

"अहो डॉक्टर, स्पिरिट."

काकांनी, ज्यांना ही गाडी विकायची होती त्या काकांनी, बॅग उघडून स्पिरिटची बाटली आणि कापूस दिला. काकूंनी थाळ्या लख्ख पुसल्या, नवा पट्टा चढवला, हेल्मेट घातलं. सेक्रेटरी सांगायला आला, की आता काही अर्थ नाही, पुढचे वळणापलीकडे गेले. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत क्लचनं पट्टा धरला आणि त्याच्या टोपीवर बर्फ उडाला.

काकू शेवटच्या आल्या. इतक्या शेवटच्या, की लोक चिलीच्या रांगेत उभे होते. पण शर्यत पुरी करून आल्या, आणि रांग मोडून टाळ्या वाजल्या. सगळ्यात आधी काकांच्या. "पोचायचं ठरलं होतं," काकू म्हणाल्या, "पहिलं यायचं कुणी म्हटलं होतं?"

काही वर्षांनी गुडघ्यांना थंडी सोसेना म्हणून काका-काकू ॲरिझोनात, चँडलरला निघाले. सामान चढवायला मी गेलो, तर ट्रकच्या तोंडाशी ती गाडी. काका झाडाखाली गप्प उभे, शब्द दिलेला. मीच न राहवून म्हटलं, काकू, तिथे नुसती वाळू, बर्फाचा कण पडत नाही, हिचं काय करणार?

काकू दोरीची गाठ आवळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"ते वाळवंटानं बघावं."