दुधाची गुळणी

अकोटाजवळच्या आमच्या शेतात कापसाची पहिली वेचणी दुधाच्या गुळणीने सुरू होई. घरच्या सुनेने साखर घातलेले दूध तोंडात घ्यायचे आणि पहिल्या ओळीतल्या झाडांवर उडवायचे. बोंडे तशीच पांढरी, भरघोस फुटावीत म्हणून.

शेजारच्या मळ्यातली माळीण माझ्याहून थोडी मोठी. वेचणीला नेहमी माझ्या लगतच्या ओळीत असे, आणि मला गडणी, म्हणजे मैत्रीण, अशी हाक मारी. मी गाल फुगवून उभी राहिले की हटकून म्हणे, "गडणी, गिळू नको वं! झाडं उपाशी राह्यतीन!" मला हसू फुटे, दूध नाकात जाई, आणि साखरेचा चिकटा दिवसभर ओठांवर राही. वडिलांनी मला पोथी वाचायला शिकवले होते. बोंडातून कापूस सुटतानाचा तो जेमतेम ऐकू येणारा आवाज मला ओवीच्या शेवटच्या अक्षरासारखा वाटे. वेचता वेचता मी चरण जुळवी. ती म्हणे, "मले काय समजते? पण म्हण अजून."

मग दूर परमुलखात लढाई लागली, तिकडचा कापूस यायचा थांबला आणि अमरावतीच्या बाजारात आमच्या कापसाला सोन्याचे मोल आले. बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढल्या, माझ्या पायांत जड तोडे. सुनेने शेतात जाणे आता घराण्याला शोभेना. कोणी मला बळेच घरात बसवले असते, तर आज मनाला तेवढा तरी आधार असता. मला ते आवडले होते.

एका दुपारी अमरावतीच्या व्यापाऱ्यांच्या बायका ओसरीवर बसल्या होत्या. अत्तराचा दरवळ होता. त्यात एकाएकी ओल्या मातीचा वास मिसळला. माळीण मेथीची टोपली घेऊन अंगणात उभी होती.

"अवं गडणी, उद्या वेचणी हाय. गुळणी घ्याले येतं ना?"

"ही कोण तुमची?" एका पाहुणीने विचारले.

"भाजीवाली," मी म्हणाले. आणि तिच्याकडे वळून, "बाईसाहेब म्हणावं. गुळणी यंदा तूच घे."

तिने पदर सारखा केला. "बरं, बाईसाहेब."

मेथीवर शिंपडलेले पाण्याचे थेंब मला अजून दिसतात.

लढाई संपली, भाव उतरला. तोडे गेले, पाहुण्याही यायच्या थांबल्या. वेचणीच्या सकाळी मी निघाले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "काहून जातं वं? लोक हासतीन ना!"

"हसू द्या," मी म्हणाले. त्या दोन शब्दांपाशी पोहोचायला मला इतकी वर्षे लागली होती.

ओळीत शिरतानाच मऊ पडलेली माझी बोटे बोंडांच्या वाळल्या टोकांनी ओरखडली. माळिणीने दुधाची वाटी पदराने पुसून पुढे केली. "घ्या, बाईसाहेब."

"पहिल्यासारखी हाक मार ना गं."

"आता जीभ नाही वळत, बाईसाहेब." स्वरात राग नव्हता. असता तर मी पाय तरी धरले असते.

मी दूध तोंडात घेतले, गाल फुगवले आणि थांबले. तिचे शब्द येतील म्हणून थांबले. दूध तोंडातच कोमट झाले. ती मान खाली घालून आपल्या ओळीत वेचू लागली होती.

मग मी ते झाडांवर उडवले. एक थेंबही वाया गेला नाही.