बैलगाडीची धाव आणि नानांची मोटर

माझ्या आजोबांना त्यांनीच बनवलेल्या मोटरने मारलं.

आज त्यांची तिथी. फोटोला हार घालून झाला, पण राग काही जात नाही, म्हणून लिहितेय.

मी धुळ्याला पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रिकल मशीन्स शिकवते. पोरं मागच्या बाकावर जांभया देतात, तेव्हा मला नाना, म्हणजे हे आजोबा, आठवतात. खरं तर मी त्यांना कधी पाहिलंच नाही. हे सगळं मला त्यांच्या धाकट्या भावाने, म्हणजे आबांनी सांगितलं. दर वर्षी, याच दिवशी, तेच आणि तसंच.

दुसरं महायुद्ध चालू होतं. विजेची विलायती मोटर यायची बंद झालेली. जळगावच्या कापसाच्या जिनिंगवाल्यांना मोटर हवी होती, आणि मेहरूणच्या वाटेवर नाना-आबांचं पत्र्याचं वर्कशॉप होतं. जळलेल्या मोटरी रिवाइंड करता करता नानांच्या डोक्यात शिरलं की आपणच नवी बनवू.

बनवली. फिरवली. आणि तिने स्वतःचीच आतडी बाहेर काढली.

रोटर, म्हणजे मोटरचा आतला फिरणारा भाग, स्पीडने फिरला की त्याच्यावरची तांब्याची गुंडाळी बाहेर फेकली जाते. तिला आवळून धरायला खास पोलादी तार लागते. ती बोटीने यायची, आता येत नव्हती. सुती दोरी बांधून पाहिली, ती तटातट तुटली. तांब्याचा एक तुकडा आबांच्या मांडीत घुसला, एक भिंतीत.

मग नानांना बैलगाडी दिसली.

गाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवतात ना, तशी. लालभडक तापवायची, ठोकून बसवायची आणि वरून बदाबदा पाणी. लोखंड आकसतं आणि चाकाला मगरमिठी मारतं. खानदेशात हे कोणाला शिकवावं लागत नाही.

रोटरला धाव! खाली अभ्रकाचा जाड थर, म्हणजे गुंडाळी जळायला नको. लोखंड भुसावळच्या रेल्वे भंगारातलं. साध्या लोखंडापेक्षा कडक, म्हणून नाना खूष. धना लोहाराने धाव तापवली, नानांनी बसवली, आबांनी पाणी ओतलं. एक नाही, दोन मोटरी तशा तयार केल्या.

पहिली चालू केली. नाना बाजूला उभे राहून कान देत होते. मोटरने स्पीड घेतला आणि धाव फुटली.

एक तुकडा पत्रा फाडून आभाळात गेला. एक नानांच्या गळ्यात.

आबा म्हणायचे, "रक्त इतकं उडनं का मले दादानं तोंडच दिसेना."

अंत्यसंस्कार उरकून आबा थेट धनाच्या घरी गेले. तो जेवत होता. मानगूट धरून ओढत बाहेर काढला आणि मारला. नाक फुटलं, दात पडले, तरी आबा थांबेनात. धनाने हात उचलला नाही. एवढंच म्हणाला, "मार भाऊ. मीबी तठेच व्हतू."

तिथून आबा वर्कशॉपमध्ये. दुसऱ्या मोटरचाही मुडदा पाडायचा म्हणून घण उचलला आणि धावेवर हाणला.

धाव मडक्यासारखी फुटली.

आबांची भुवई चिरली. पण घण तिथेच थांबला. चाकाची धाव घणाखाली चपटते, वाकते. ही फुटते कशी?

मागोमाग धना आला होता, तोंडाला धोतराचा सोगा लावून. त्याने एक तुकडा उचलून आबांपुढे धरला: पाण्यात विझवलेल्या छिन्नीसारखा कडक आणि ठिसूळ. शेवटी दोघांनाही एकच गोष्ट कळली, ती आबांनी बोलून दाखवली.

"पानी नडनं."

साध्या लोखंडाला पाणी चालतं. रेल्वेच्या त्या कडक पोलादाला लालभडक असताना पाणी घातलं की ते काचेसारखं ठिसूळ होतं. आज मी हे फळ्यावर लिहून देते. तेव्हा त्याची किंमत माझ्या आजोबांच्या गळ्याने मोजली.

दुसऱ्या मोटरला नवी धाव केली. लाल होऊ द्यायची नाही, पाणी नाही, आपोआप निवू द्यायची. टेस्टचा दिवस ठरला.

आणि अक्का आली. माझी आजी, नानांची बायको. तेरावं नुकतंच झालेलं. विधवा बाईने वर्षभर उंबरा ओलांडायचा नाही, असा तो काळ. ती आली आणि नाना जिथे पडले तिथे उभी राहिली.

"वहिनी, बाजूले व्हा."

"तुमले खात्री शे ना? मंग करा चालू."

आबांचा हात स्टार्टरवर होता. तो हलेना. त्यांनी तिला शिव्या दिल्या, अंगावर धावून गेले, घण आपटला. ती ढिम्म.

खात्री नव्हती, हेच खरं.

मग त्यांनी धनाला सांगून त्याच पट्टीची दुसरी धाव करवून घेतली, तशीच निवू दिली आणि अक्कासमोर घणाखाली घातली. मारली, मारली, मारली. घामाने न्हाले. धाव वाकली, दुमडली, पार चपटली. फुटली नाही.

तेव्हा स्टार्टर ओढला.

मोटर चालली. दिवस मावळेपर्यंत चालली, आणि अक्का तिथून हलली नाही.

त्यानंतर त्या वर्कशॉपमधून जोडीतली एक धाव घणाखाली मेल्याशिवाय एकही मोटर बाहेर पडली नाही. आता आम्ही याला डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंग म्हणतो. पुस्तकात धडा आहे.

पण आबा गोष्ट तिथे संपवायचे नाहीत.

मोटर बंद झाल्यावर अक्का त्यांच्यासमोर आली. सगळ्यांदेखत दिराच्या खाडकन थोबाडीत मारली आणि विचारलं,

"हाई आधी का नही करं?"

म्हातारपणी हे सांगतानाही त्यांचा हात गालावर जायचा, आणि मग ते रडायचे.

नाना, तुमची मोटर चालली. तुम्ही असताना चालायला हवी होती.

तुमच्या नातीचा नमस्कार.