हाका मारणारा राजपुत्र

पडद्यावर राजवाड्याच्या पायऱ्यांवरून राजपुत्र नायिकेला नाव घेऊन हाका मारायला लागला की माझ्या शेजारच्या बाई हळूच 'च्च' करायच्या. साठीच्या असाव्यात. डोक्यावर पदर, मांडीवर दवाखान्याची पिशवी. पुढच्या रांगेतली पोरं प्रत्येक हाकेला खिदळत होती, मागे एक मुलगी मुसमुसत होती, आणि त्या काळी असली झुंबरं नव्हतीच म्हणून आमचे हे कुरकुरत होते.

मध्यंतरात बाईंनी पिशवीतला चिवडा माझ्या हातावर ठेवला. धंतोलीतल्या दवाखान्यात त्यांच्या नवऱ्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. आज लेक बापापाशी बसली होती आणि तिनंच आईला सिनेमाला पाठवलं होतं.

"आवडला नाही का तुम्हाला?" मी विचारलं.

"बाईचं नाव असं गावभर घेते का वं कोणी? आमचं तं चाळीस वर्षं 'अवं' वरच चाललं."

शेवटी राजपुत्रानं जीव एकवटून हाक मारली. पोरं हसलीच. या वेळी बाईंनी 'च्च' केलं नाही.

बाहेर पडताना ह्यांनी सिनेमा बकवास ठरवला. बाई पदर सारखा करत मला म्हणाल्या, "काल त्याईच्या एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यानं दिसत नाही. वॉर्डात 'अवं' म्हटलं तं चार बाया उठल्या. मंग घेतलं माहं नाव."

"मग?"

"मी ओ देल्लीच नाही. म्हटलं, अजून एकदा घेऊ द्या."