ओढ्यापाशी थांबलेली रेघ

विजयश्री कुठलाही नकाशा आधी कडेने वाचते. टेबलावर कागद पसरला की बाकीचे लोक मधोमध वाकतात. बाजार कुठे आला, शाळा कुठे आली, आपलं घर कशात सापडलं, हे शोधतात. ती मात्र एका कोपऱ्यापासून सुरुवात करते आणि हद्दीच्या तुटक रेषेवरून बोट फिरवत पूर्ण फेरी घालते. रेषेच्या आत रंगच रंग असतात: पिवळी घरं, जांभळे कारखाने, हिरवी शेतं. रेषेबाहेर कोरा कागद. त्या कोऱ्या कागदावरही माणसं राहतात हे तिला आधी माहीत नव्हतं असं नाही, पण ते तिच्या बोटांत उतरलं आंबेखळच्या ओढ्यापाशी.

आंबेखळ हे चाकणच्या अलीकडचं, कारखान्यांनी दोन बाजूंनी गाठलेलं गाव. ग्रामपंचायतीची नगरपरिषद झाली आणि गावाने स्वतःचा विकास आराखडा करायला घेतला. विजयश्री तिथे नगररचना विभागात रचना सहायक आहे. पुढची वीस वर्षं घरं कुठे होणार, कारखाने कुठे होणार आणि त्यांच्यामधून रस्ते कसे जाणार, हे ठरवणाऱ्या रेघा तिच्या हातून कागदावर येतात. गावाची हद्द ओढ्याशी संपते. पलीकडची खळेवाडी नगरपरिषदेत नाही. तिच्या जमिनीचं आणि रस्त्यांचं ठरवतं प्रदेशाचं नियोजन कार्यालय, आणि ते बसतं निगडीला.

ती स्वतः दिघीत वाढली. वडील दत्तोबा लातूरकडून तरुणपणी भोसरीला आले आणि एका शेडमध्ये लेथवर उभे राहिले, ते निवृत्त होईपर्यंत उभेच. शाळेच्या सुट्टीत ती त्यांचा डबा घेऊन जायची. दत्तोबांच्या शेडमध्ये शाफ्ट व्हायचे. ज्या बुशमध्ये ते शाफ्ट बसायचे, ते गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्याच मालकाच्या शेडमध्ये. माल पुढे पाठवण्याआधी दत्तोबा दोन्ही तुकडे एकमेकांत बसवून ट्यूबलाइटसमोर धरायचे. मधून उजेड दिसला की तोंड वाकडं करायचे.

"ह्ये बघ," ते एकदा तिला म्हणाले होते, "त्यानं बी घासलं, आमी बी घासलं. दोघांनी एकमेकाकडं बघून घासलं की असं होतंय. एक कुणीतरी मास्टर धरावं लागतंय. त्याला हात लावायचा नाही."

ती तेव्हा डब्यातली उरलेली शेंगदाण्याची चटणी बोटाने पुसून खात होती. तिने मान हलवली आणि विसरून गेली.

आराखड्याचा मसुदा जाहीर झाला की हरकती-सूचनांचे दिवस येतात. कार्यालयाच्या व्हरांड्यात चपलांचा ढीग पडतो. बहुतेकांचं म्हणणं थोडक्यात एकच असतं: रस्ता पाहिजे, पण शेजाऱ्याच्या जमिनीतून. आंबेखळचे जुने शेतकरी हिंदुराव आपल्या बायकोला, यशोदाबाईंना, घेऊन आले तेव्हा विजयश्रीने त्याच तयारीने खुर्च्या पुढे केल्या.

"काका, तुमच्या रानातून चोवीस मीटर रुंदीचा रस्ता दाखवलाय. त्याला हरकत घ्यायचीये ना?"

"न्हाई," हिंदुराव म्हणाले. "जाऊ द्या की. पर त्यो कुठं जातोय त्ये सांगा."

"ओढ्यापर्यंत."

"आन् म्होरं?"

"पुढे आपली हद्द संपते."

"तुमची संपती," यशोदाबाई म्हणाल्या. "आमची लेक तिथनं म्होरं सुरू हुती."

लेक म्हणजे मोनिका. तिला खळेवाडीत दिलेली. तिच्या घराची पाण्याची टाकी यशोदाबाईंना अंगणातून दिसते. उन्हाळ्यात दगडांवर पाय देत ओढा ओलांडता येतो. पाणी आलं की मात्र महामार्गाने वळसा घालून जायचं. वाटेत तो चौक, जिथे शिफ्ट सुटायच्या वेळी कंपन्यांच्या बस आणि कंटेनर एकमेकांच्या तोंडाला तोंड लावून उभे असतात. मोनिकाच्या बाळंतपणाला दोघं निघाली ती त्या चौकात अडकली. पोचली तोवर नात आंघोळ करून, दुपट्यात गुंडाळून झोपली होती.

हिंदुरावांनी मोबाइल काढला. जावयाने पलीकडच्या आराखड्याचा फोटो पाठवला होता. तिकडूनही एक रुंद रस्ता ओढ्याकडे उतरत होता, पण आंबेखळच्या रस्त्यासमोर नाही. दोन शेतं खाली, जुन्या पोल्ट्रीपाशी. दोन्ही रस्ते आपापल्या काठावर येऊन, एकमेकांकडे न बघता थांबले होते.

"माझं रान घ्या," हिंदुराव म्हणाले, "पर वढ्यात न्हिऊन बुडवायला न्हाई. असं लिवा, रस्ता पलीकडं पोचणार आसंल तर हरकत न्हाई. न पोचणार आसंल तर हाय."

अशी हरकत त्या कार्यालयात आधी कोणी नोंदवली नव्हती. विजयश्रीने ती शब्दाला शब्द लिहून घेतली.

त्याच दुपारी तिने निगडीला फोन लावला. तिकडे खळेवाडीच्या भागाचं काम रविराज नावाच्या तरुण अधिकाऱ्याकडे होतं. आवाज मऊ, बोलणं नेमकं.

"बरोबर आहे मॅडम तुमचं. बघतो मी."

"मीही बघते, सर."

दोघांनीही बघितलं, आणि तिथेच घोटाळा झाला. दुसऱ्या कार्यालयाला "तुम्ही हला" असं सांगायचं म्हणजे पत्र वरपर्यंत जाणार, तिथून पलीकडच्या वरपर्यंत, मग तिथून खाली. त्यापेक्षा आपल्याच कागदावर दुरुस्ती केलेली बरी, ही दोन्हीकडची सवय. विजयश्रीने नियोजन समितीपुढे बाजू मांडली आणि आपला रस्ता दोन शेतं खाली, पोल्ट्रीसमोर नेला. फोनवर कळवायचं तिने मुद्दाम राखून ठेवलं. काम झालेलंच दाखवू, असं मनाशी म्हणाली.

फेरबदलांचा नकाशा व्हरांड्यात लागला तेव्हा हिंदुराव एकटेच आले. नकाशासमोर बराच वेळ उभे राहिले. मग मोबाइलवर जावयाने पाठवलेला नवा फोटो बघितला. मग परत नकाशा. त्यांचे खांदे हलायला लागले, तेव्हा विजयश्रीला वाटलं ते रडतायत. ती बाहेर आली तर ते हसत होते.

"म्याडम, बसमधी दोन भली माणसं आसत्यात बघा. एक म्हणतंय तुमी बसा. दुसरं म्हणतंय न्हाई न्हाई, तुमी बसा. शिटावर तिसराच बसतोय, आन् ही दोघं निगडीपतुर उभी."

तिने त्यांच्या हातातला मोबाइल घेतला. रविराजनेही आपला रस्ता दोन शेतं वर सरकवला होता, हिंदुरावांच्या रानासमोर, जिथे तिचा रस्ता आता नव्हता. दोन्ही रेघांनी जागा बदलल्या होत्या आणि मधलं अंतर होतं तेवढंच राहिलं होतं. शिवाय, विजयश्रीने खाली नेलेला रस्ता आता यशोदाबाईंच्या गोठ्यावर येऊन बसला होता.

विजयश्रीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तिने मोबाइल त्यांच्या हातात परत दिला. मग म्हणाली, "काका, हे मी दुरुस्त करणार आहे."

"करा. पर आता जरा जपून करा," हिंदुराव म्हणाले. "यशोदाबाईला गोठ्याचं अजून सांगितलं न्हाई मी."

वेळ थोडा होता. दोन्ही आराखडे मंजुरीसाठी सरकारकडे जायचे होते. एकदा मंजूर झाले की रेघ हलवायला पुन्हा काही वर्षं लागतात, आणि तोवर मोकळ्या जागांवर इमारती उभ्या राहतात. नगररचना विभागाच्या साहेबांनी तिचं ऐकून घेतलं.

"आपला रस्ता आपल्या हद्दीत बरोबर आहे," ते म्हणाले. "कोणी विचारलं तर आपल्याकडे उत्तर आहे."

साहेब वाईट नव्हते. उत्तर असणं ही त्यांच्या लेखी कामाची शेवटची पायरी होती.

"उत्तर आहे सर. रस्ता नाहीये."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "पुढच्या सोमवारपर्यंत काय करायचं ते करा. त्यानंतर फाइल जाणार."

जिन्यावरून उतरताना तिला भोसरीची शेड आठवली. तेलाचा वास, ट्यूबलाइट, दोन तुकड्यांमधून येणारी उजेडाची बारीक रेघ. ती तिथेच पायरीवर थांबली आणि तिने फोन लावला.

"सर, आता तुम्ही हलू नका."

"मॅडम, आम्ही तुमच्यासाठीच हललो होतो."

"माहितीये. आम्हीही तुमच्यासाठीच. आता एकाने स्थिर राहायचं आणि दुसऱ्याने त्याला जुळवून घ्यायचं."

"मग आम्ही राहतो की स्थिर," रविराज पटकन म्हणाला. "प्रदेशाचा आराखडा मोठा आहे."

"हद्दीवरचं गाव आमचं आहे," तीही तितक्याच पटकन म्हणाली.

दोघंही हसले, पण हा प्रश्न हसण्यावारी जाणारा नव्हता. कोणाच्या रेघेसाठी कोणी वाकायचं, यावर दोन कार्यालयं वर्षभर पत्रं लिहू शकतात. विजयश्रीला वडिलांचे शब्द आठवले. मग सावकाश म्हणाली, "तुमची रेघ नको, माझीही नको. ओढ्यालाच मास्टर धरू या. पूल कुठे चांगला बसेल ती जागा आधी ठरवू. दोघांनी तिथून आपापल्या बाजूला मागे रेघ काढायची."

"मागे?"

"हो. कडेपासून आत."

गुरुवारी सगळे ओढ्यावर जमले. अलीकडे विजयश्री, हिंदुराव आणि यशोदाबाई. पलीकडे रविराज आणि हिंदुरावांचे व्याही सोपानराव. त्यांच्या मागे कडेवर पोरगी घेतलेली मोनिका. दोन्हीकडचे अभियंते टेप आणि यंत्र घेऊन खाली पात्रात उतरले होते.

"व्याही, येताय का चहाला?" सोपानराव पलीकडून ओरडले.

"पूल झाल्यावं येतो. तवर गाळून ठिवा," हिंदुराव म्हणाले.

दोन्ही रस्त्यांच्या वरच्या अंगाला ओढा अरुंद होतो आणि दोन्ही काठांना काळा खडक उघडा पडतो. पुलाला यापेक्षा चांगली जागा मिळणार नाही, यावर दोन्ही अभियंत्यांचं क्षणात एकमत झालं. पांढऱ्या रंगाने खडकावर एक फुली मारली गेली. रविराजने तिकडून, विजयश्रीने इकडून, फुलीपासून मागे बघत आपापली दिशा धरली.

गोठा वाचत होता. पण नवी रेघ हिंदुरावांच्या खोल्यांवरून जात होती. कंपन्यांत काम करणाऱ्या पोरांना भाड्याने देण्यासाठी त्यांनी रानाच्या कडेला खोल्यांची एक ओळ बांधली होती. म्हातारपणाची सोय ती तीच.

"खोल्या?" हिंदुराव म्हणाले.

"हो काका. अर्ध्याअधिक."

खोल्यांपुढच्या दोरीवर कोणाचा तरी कंपनीचा निळा शर्ट वाळत होता. हिंदुराव त्याकडे बघत राहिले.

विजयश्रीने त्यांची समजूत काढली नाही. "मोबदला नियमाने मिळेल, पण खोल्या जातील. तुम्ही हरकत घेऊ शकता. तो तुमचा हक्क आहे, आणि मी ती लिहून घेईन. मग पूल दुसरीकडे शोधावा लागेल, आणि सोमवारपर्यंत तो सापडेल असं मी सांगू शकत नाही."

"आमी रान घ्या म्हणलं हुतं. खोल्यांचं न्हवतं म्हणलं."

"नव्हतं म्हणालात."

यशोदाबाईंनी पदर खोचला. "मागं आपुन काय सांगितलं हुतं, म्याडम? परत सांगा बरं."

"रस्ता पलीकडे पोचणार असेल तर हरकत नाही."

"पोचतोय न्हवं ह्यो?"

"हा पोचतोय, मावशी."

यशोदाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. मग पलीकडे, मोनिकाच्या कडेवरून हात हलवणाऱ्या नातीकडे. हिंदुरावांनी त्यांच्या नजरेमागे नजर नेली आणि तोंडाभोवती हात धरून हाक दिली.

"व्याही, तुमचं गोदाम जातंय का?"

"कोपरा जातोय," सोपानराव म्हणाले.

"कोपराच व्हय?"

"मंग काय समदं उचलून दिऊ?"

पात्रातले अभियंतेही हसले. हिंदुरावांनी टोपी काढून झटकली, परत घातली. "जाऊ द्या," ते म्हणाले. "पर पोरं ऱ्हात्यात खोल्यांत. त्यांना आदी येळ द्या. मागच्या अंगाला मी नव्या बांधीन, तवर कुणाला बाहेर काढायचं न्हाई."

"ते मी टिपणीत लिहिते," विजयश्री म्हणाली, आणि तिथेच खडकावर बसून तिने लिहिलं.

सोमवारी रविराज निगडीहून स्वतः आला. दोन्ही कार्यालयांनी एकाच कागदावर, एकाच नकाशाखाली सह्या करायचं ठरलं होतं. साहेबांनी सही करताना "उत्तम" एवढंच म्हटलं, पण दोनदा म्हटलं. दोन्हीकडची पानं सोबत लावायची होती. विजयश्रीने ती कडेला कड लावून खिडकीच्या काचेवर धरली. आंबेखळची रेघ ओढ्यापर्यंत आली आणि खळेवाडीत गेली. मधे फट नव्हती. ती क्षणभर तशीच उभी राहिली. रविराजला वाटलं ती काही तपासतेय, म्हणून तोही वाकून बघू लागला.

व्हरांड्यात हिंदुराव वाट बघत होते. हातात पेढ्यांचा पुडा नव्हता. ते त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"झालं?"

"झालं काका. दोन्ही फाइली आज एकत्र जातायत."

"पूल कवा हुईल?"

"ते माझ्या हातात नाही," विजयश्री म्हणाली. "मंजुरी, निधी, सगळं व्हायचंय. पण आता तो दुसरीकडे कुठे बांधता येणार नाही."

हिंदुरावांनी मान हलवली, चपला शोधल्या आणि नव्या खोल्यांचा पाया आखायला घराकडे निघाले.